निंबोळीत काय आहे, ते आधी आपण मोजू

(मूर्तिजापूर येथील तालुका मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलणारे पुष्कळजण या मेळाव्यात आहेत. मी बोलणार आहे धुऱ्यावरच्या निंबावर. हसू नका. ज्या झाडाला आपण कधी खत घातलं नाही, पाणी दिलं नाही, त्याच्या फळात असा एक पदार्थ आहे की जो जगातल्या कोणत्याही कारखान्याला परवडेल अशा खर्चात बनवता येत नाही. तो झाडच बनवतं. आणि ज्येष्ठ-आषाढात त्याचा सडा पडतो, तो आपण बैलांच्या पायाखाली तुडवतो, नाहीतर पोत्यात भरून मिळेल त्या भावाने मोडतो.

हे का होतं? कारण आपल्या मालात काय आहे, हे आपण मोजत नाही. मोजमाप ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती, हा बाजाराचा जुना नियम आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडरने कापसात हात घातला की आपला जीव खालीवर व्हायचा. धागा किती, ओल किती, हे तो सांगणार आणि आपण मान डोलावणार. डेअरीत दूध नेलं की आधी फॅट लागते, मग भाव. ऊसवाल्यांचा भाव साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. सोयाबीन नेलं की ओल मोजायचं यंत्र पुढे येतं. पण निंबोळी नेली की काय मोजतात? फक्त वजन! माती, कचरा, कुजका माल, चांगला माल, सगळ्याला एकच भाव. मग जी माय सावलीत निवडून वाळवून निंबोळी आणते, तिला तिच्या मेहनतीचं काय मिळालं? काही नाही.

फळात औषध असतं म्हणजे काय असतं?

झाडाच्या फळात रसायन असतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. मेळघाटातला बिब्बा घ्या. त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतो. तो का येतो? त्यात अंगावर उठणारा पदार्थ आहे म्हणून. धोबी त्याच बिब्ब्याने कपड्यावर खूण करायचे, ती धुतली तरी जात नसे. हिरडा तोंडात धरला की जीभ आखडते. त्यात टॅनिन आहे. तेच टॅनिन कातडं कमावायला लागतं, म्हणून हिरड्याला कातड्याच्या धंद्यात गिऱ्हाईक मिळालं.

म्हणजे फळ औषधी आहे, एवढं म्हणून भागत नाही. त्यातला कोणता पदार्थ, किती आहे, काय काम करतो, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. गाडगेबाबा याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखत वाढले. कीर्तनात ते समोरच्याला एकामागून एक प्रश्न विचारत, आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत. आपणही निंबोळीला तसेच प्रश्न विचारू.

टोळाने दिलेली साक्ष

पहिलं उत्तर टोळाने दिलं. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली. श्मुटरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिलं की आजूबाजूचा सगळा हिरवा पाला टोळांनी फस्त केला, पण निंबाची झाडं तशीच उभी आहेत. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाची भुकटी पाण्यात कालवून उभ्या पिकावर फवारली. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्लं नाही. २०२० च्या मे महिन्यात मोर्शी-वरुडकडे टोळधाड उतरली, तेव्हा ही गोष्ट कितीजणांना आठवली असेल?

पुढचा प्रश्न, त्यात नेमकं आहे काय? १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी तो पदार्थ वेगळा काढला. त्यांची रीत शेतकऱ्याला पटेल अशी होती. निंबोळीचा अर्क काढायचा, त्याचे वेगवेगळे भाग पाडायचे, एकेक भाग कागदाला लावायचा आणि भुकेल्या टोळापुढे ठेवायचा. ज्या भागाला टोळ तोंड लावत नाही, त्यात मुद्देमाल आहे. त्याचे पुन्हा भाग, पुन्हा टोळ. असं करत करत जो हाती लागला तो अझाडिरॅक्टिन. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली की ती पुरती उलगडायला १९८५ साल उजाडलं. प्रयोगशाळेत तो बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली, तेव्हा कुठे २००७ साली तो बनला, तोही नखभर. त्यामुळे आजसुद्धा बाजारातल्या प्रत्येक बाटलीतलं अझाडिरॅक्टिन कोणाच्या ना कोणाच्या निंबोळीतून निघालेलं असतं.

हा पदार्थ एंड्रिन-मोनोक्रोटोफॉससारखा अळीला तडकाफडकी मारत नाही. अळीचं खाणं तुटतं, तिची कात नीट पडत नाही, ती वाढत नाही, पतंगाचं अंडी घालणं कमी होतं. दुसऱ्या दिवशी वावरात मेलेल्या अळ्या शोधणाऱ्याला वाटतं, औषध फुकट गेलं! तसं नसतं. पण हेही ऐकून ठेवा, की अळी एकदा बोंडात शिरली की निंबोळी अर्क तिथे पोचत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्याला लुटलं, त्या अवस्थेत अर्काचा उपयोग नव्हता. त्याचं काम सुरुवातीचं आहे. पऱ्हाटी लहान असताना, मावा-तुडतुडे दिसू लागले असताना आणि अंडी घातली जात असताना.

झाडा-झाडात फरक

आता मुख्य प्रश्न, किती आहे? एक किलो निंबोळीच्या मगजात अझाडिरॅक्टिन एका ग्रॅमच्या आतही सापडतं आणि सहा ग्रॅमपर्यंतही सापडतं. हा फरक केवळ मुलखा-मुलखातला नाही. एकाच शिवारातल्या दोन झाडांत तो असतो. तुमच्या धुऱ्यावरची दोन झाडं बाहेरून सारखी दिसतील. पण एक गावरान गाय असेल आणि दुसरी म्हैस. धार काढून फॅट लावल्याशिवाय कळणार कसं?

ही फॅट लावायचं यंत्र आहे. त्याला एचपीएलसी म्हणतात. नाव अवघड, काम सोपं. मूर्तिजापूरच्या बाजारातून बैलगाडी, सायकल आणि फटफटी एकाच वेळी कारंजाच्या रस्त्याला लागल्या, तर पुढच्या नाक्यावर त्या वेगवेगळ्या वेळी पोचतील. नाक्यावर बसलेला माणूस घड्याळ पाहून सांगेल की ही फटफटी, ही सायकल. त्या यंत्रात एक बारीक पावडर दाबून भरलेली नळी असते. तिच्यातून अर्क दाबाने ढकलतात. अर्कातला प्रत्येक पदार्थ आपल्या चालीने पुढे सरकतो आणि ठरलेल्या वेळेला बाहेर पडतो. बाहेर प्रकाशाचा डोळा बसलेला असतो. कोण आलं आणि किती आलं, याची तो कागदावर शिखरं काढतो. शुद्ध अझाडिरॅक्टिनचं शिखर शेजारी ठेवून ताडून पाहिलं, की आपल्या निंबोळीचा आकडा मिळतो.

झाडाचा गुण हा एक भाग झाला. दुसरा भाग आपल्या हातात आहे. अझाडिरॅक्टिन नाजूक आहे. उन्हात ते मोडतं, उष्णतेत मोडतं, ओलीत बुरशी धरली की बी वाया जातं. पावसात आठ दिवस चिखलात पडलेली निंबोळी आणि पिवळी होताच वेचलेली निंबोळी यांचं वजन सारखं भरेल, गुण सारखा भरणार नाही. म्हणून फळ पिवळं झालं की वेचावं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गर चोळून धुवावा, बी सावलीत पातळ पसरून खडखडीत वाळवावं, आणि हवा खेळेल अशा तागाच्या पोत्यात ठेवावं. प्लास्टिकच्या थैलीत कोंडू नये. वर्षापूर्वीचं बी अर्काला वापरू नये.

आणि एक गोष्ट खास आपल्या मुलखाची. आपला हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट आणि विम्लधर्मी, म्हणजे लिंबाच्या उलट गुणाचं. अझाडिरॅक्टिन थोड्या आंबट पाण्यात टिकतं, विम्ल पाण्यात लवकर मोडतं. ज्यांनी खाऱ्या पाण्यात रात्रभर निंबोळी भिजवली, सकाळी त्यात साबण घालून दुपारच्या उन्हात फवारली आणि मग म्हटलं की निंबोळीत दम नाही, त्यांनी दम आपल्याच हाताने काढून घेतला होता. पावसाचं किंवा गोडं पाणी वापरा. साबण अगदी शेवटी घाला आणि उन्हं उतरल्यावर लगेच फवारा. उरलेला अर्क उद्यासाठी ठेवू नका.

बाटली आणि बादली

आता हिशेब मांडू. दुकानातल्या बाटलीवर पीपीएम लिहिलेलं असतं. एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. १५०० पीपीएमच्या एका लिटरमध्ये साधारण दीड ग्रॅम अझाडिरॅक्टिन. शिफारस दहा लिटर पाण्याला ५० मिलीची. म्हणजे १०० लिटर पाण्याला अर्धा लिटर औषध, आणि त्यात अझाडिरॅक्टिन पाऊण ग्रॅम.

दुसऱ्या बाजूला आपली बादली. ५ टक्क्यांचा अर्क म्हणजे ५ किलो मगज कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून पिळून गाळायचा, एका लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळायचा, आणि सगळं मिळून १०० लिटर करायचं. मगजात किलोमागे तीन ग्रॅम धरलं, तर ५ किलोत १५ ग्रॅम. साध्या पाण्यात त्यातलं निम्मंच उतरलं असं माना, तरी साडेसात ग्रॅम. बाटलीत पाऊण ग्रॅम, बादलीत साडेसात! दहापट!

पण टाळ्या वाजवायची घाई नको. बाटलीत अझाडिरॅक्टिन टिकवणारे आणि पानाला चिकटवणारे पदार्थ असतात, त्याचा फायदा तिला मिळतो. आणि बादलीतला तीनचा आकडा आपण धरलेला आहे, मोजलेला नाही. तुमच्या झाडाचा आकडा अर्धा असेल, बी कुबट असेल, तर बादलीत पिवळं पाणीच असेल. टरफलासकट बी कुटलं तर त्यात निम्मं वजन टरफलाचं. बाटलीवाल्याने निदान आकडा छापला आहे. तो खोटा निघाला तर कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, नमुना घेणारा निरीक्षक आहे, आणि अमरावतीला सरकारची तपासणी प्रयोगशाळा आहे. आपल्या बादलीवर कोणता आकडा आहे?

हा पैशाचाच हिशेब नाही. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरून, तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत, अशी माणसं जहाल विषं फवारत होती. पहिल्या दोन फवारण्या जरी निंबोळीच्या खात्रीच्या अर्कावर निघाल्या, तरी तेवढी जहाल फवारणी माणसाच्या अंगावरून टळते. पण खात्री पाहिजे. खात्रीशिवाय शेतकरी निंबोळीवर हंगाम सोपवणार नाही, आणि सोपवूही नये.

मोजलेलं कामाला आलं

मोजण्याचा आणि नोंदीचा उपयोग किती मोठा असतो, ते युरोपातल्या एका खटल्यात दिसलं. १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने अमेरिकेचं शेती खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना एक पेटंट दिलं, निंबोळीच्या तेलाने पिकावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचं. पुढल्याच वर्षी वंदना शिवा, युरोपच्या संसदेतल्या मॅग्डा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना यांनी हरकत घेतली. आमच्या आज्या-पणज्या निंब वापरत होत्या, हे आपलं म्हणणं खरंच होतं. पण तिथे पुरावा लागत होता. तो पुरावा महाराष्ट्रातून गेला. कारखानदार अभय फडके यांनी साक्ष दिली की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत निंबोळीच्या अर्काच्या शेतावर चाचण्या झाल्या होत्या. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं. कंपनीकडून अपील झालं, तेही मार्च २००५ मध्ये फेटाळलं गेलं. हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ साली रद्द झालं, तेही डॉ. माशेलकरांच्या संस्थेने जुने छापील पुरावे पुढे ठेवले म्हणून.

यातून आपण काय घ्यायचं? आजीचं ज्ञान खरं होतं, पण कागदावर नसलेलं खरं कचेरीत उभं राहत नाही, आणि बाजारातही उभं राहत नाही. वावरातल्या दोन उन्हाळ्यांच्या नोंदीनी कंपनीला अडवलं. मग आपल्या तालुक्यात ही नोंद का नसावी?

या हंगामात काय करायचं

पहिलं काम झाडांची यादी. प्रत्येक गावाने आपल्या शिवारातल्या फळं धरणाऱ्या निंबांना नंबर द्यावेत. डेरेदार झाड वर्षाला ३० ते ५० किलो फळ देतं. शंभर झाडं म्हणजे तीन ते पाच टन. हा माल गावात पडून आहे, हे आधी आकड्यात दिसू द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाला समिती आणि नोंदवही दिली आहे. ती कपाटात पडून असेल तर बाहेर काढा आणि त्यात हे लिहा.

दुसरं काम पानाची परीक्षा. त्याला यंत्र लागत नाही, शाळेतली पोरंही करतील. एरंडीच्या पानावरच्या तंबाखूच्या अळ्या घ्या, सारख्या आकाराच्या वीस. तीन-चार तास उपाशी ठेवा. एरंडीचं एक पान निंबोळीच्या अर्कात बुडवून वाळवा, दुसरं तेवढंच पान नुसत्या साबणाच्या पाण्यात. दोन घमेल्यांत दहा-दहा अळ्या सोडा आणि वरून कापड बांधा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पानं गणिताच्या वहीच्या चौकटीच्या कागदावर ठेवून किती घरं खाल्ली ते मोजा. साबणाच्या पानाची चाळणी आणि अर्काचं पान शाबूत, तर ते झाड चांगलं. दोन्ही सारखीच खाल्ली, तर त्या झाडाचं बी अर्काला नको. साबणाचं पान ठेवायला विसरू नका. ते नसेल तर अळी अर्कामुळे थांबली की मुळातच तिला भूक नव्हती, हे कळणार नाही. झाडाचा नंबर, तारीख, घरं, तिन्ही लिहा. टोळापुढे कागद ठेवणाऱ्यांनी हेच केलं होतं.

तिसरं काम, पानाच्या परीक्षेत उतरलेल्या झाडांचं बी यंत्रावर तपासून घेणं. एकट्या शेतकऱ्याला तपासणीचा खर्च जड जाईल. गावाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून नमुने काढावेत. पोत्याच्या तोंडातून मूठभर नव्हे, तर वरून, मधून, तळातून काढून एकत्र करून. नमुन्याचे दोन भाग करून सील करा, एक प्रयोगशाळेला द्या, एक आपल्याकडे ठेवा. उद्या व्यापारी म्हणाला की आमच्या तपासणीत कमी आलं, तर आपला भाग तिसरीकडे तपासता आला पाहिजे.

आणि चौथं काम मागणीचं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या कराच्या पैशावर उभं आहे. अमरावतीची सरकारी प्रयोगशाळा बाटली तपासते. आपली मागणी अशी, की जिथे बाटली तपासली जाते तिथे शेतकऱ्याची निंबोळीही परवडणाऱ्या फीत तपासून मिळाली पाहिजे, आणि निकालाचा कागद शेतकऱ्याच्या हातात आला पाहिजे. २०१५ पासून सरकारने देशातल्या सगळ्या युरियाला निंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा केला. त्या तेलाला कारखान्यात कसोटी आहे. ज्या निंबोळीतून तेल निघतं, तिला गावात कसोटी का नाही? आणि खरेदी करणाऱ्याला आपलं सांगणं एवढंच, की दुधाला फॅटप्रमाणे भाव, तसा निंबोळीला गुणाप्रमाणे भाव. जास्त अझाडिरॅक्टिन, जास्त दाम. मग बघा, आमच्या मायबहिणी निंबोळी कशी हिऱ्यासारखी वाळवून आणतात!

कोणी म्हणेल, निंबोळीच्या चार पोत्यांनी शेतकऱ्याचं कर्ज फिटणार आहे काय? नाही फिटणार. कापसाच्या भावाचा लढा कापसाच्या भावानेच सुटेल. पण आपल्या मालातला गुण मोजायची सवय एकदा निंबोळीवर लागली, तर ती कापसापर्यंत जाईल. धाग्याची लांबी, ओल, रुईचा उतारा, हे आकडे आपल्याही हातात आले पाहिजेत, आणि सौद्याला बसण्याच्या आधी आले पाहिजेत.

तेव्हा मेळाव्याहून घरी गेल्यावर उद्या सकाळी धुऱ्यावर जा. निंब मोजा, नंबर घाला. पुढल्या जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपली वही घेऊन यावं. कोणत्या गावाच्या किती झाडांची परीक्षा झाली, हे तिथे वाचून दाखवलं जाईल. ज्या गावाची वही कोरी, त्या गावाने त्या दिवशी निंबोळीच्या भावाची तक्रार करू नये.